हवेतला कापूस

आत्या आणि अण्णांचं ते भांडण ताईनं ऐकलं अण्णांच्या फोटोच्या दुकानामागच्या अंधारखोलीत उभं राहून. चोरून ऐकावं असा तिचा स्वभाव नव्हता, पण बाहेर पडायची सोय नव्हती. लाल दिवा लावलेला, फोटोच्या कागदांचं खोकं उघडं, आणि एक फोटो ट्रेमधल्या औषधात नुकता उमटायला लागलेला. अशा वेळी दार बोटभर जरी उघडलं तरी खोक्यातले सगळे कागद वाया जातात. तेव्हा एकोणीस वर्षांची ताई हातात चिमटा धरून जागच्या जागी उभी राहिली, आणि दारापलीकडे तिचाच निकाल लागत राहिला.

"दादा, मुलगा चांगला आहे," आत्या म्हणत होती. "नोकरी आहे, स्वतःची खोली आहे, खोलीला गच्ची आहे. आणखी काय हवंय तुला? हत्ती?"

"मुलगा चांगला आहे हे मला मान्य आहे."

"मग?"

"मग ठिपके कोण भरणार?"

आत्याला असं गोंधळात पाडणं सोपं नव्हतं. 

"ठिपके?" ती म्हणाली. "अरे, पोरगी आहे ती. ब्रश आहे का, रोज धुऊन डब्यात ठेवायला?"

"दोन वर्षं थांब. धाकट्याला हाताशी येऊ दे."

"धाकटा! त्याला अजून स्वतःचं नाक पुसता येत नाही. तो हाताशी येईपर्यंत हिच्या केसात पांढरं दिसेल, आणि ते भरायलाही हिलाच बसवशील तू."

मग चपला आपटल्याचा आवाज, बाहेरचं दार, शांतता. ताईनं फोटो वेळेवर उचलला, पाण्यात घातला, खोकं बंद केलं आणि मगच कडी काढली. डोळे लाल होते. औषधाच्या वासानं ते रोजच होत, त्यामुळं कुणी विचारायचा प्रश्न नव्हता.

"कागद खराब नाही ना झाले?" अण्णांनी विचारलं.

"नाही," ताई म्हणाली.

आता हे ठिपके भरणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. निगेटिव्हवर धूळ बसली की फोटोवर पांढरे ठिपके उठतात. गालावर, कोटावर, नवरीच्या डोळ्यात, जागा बघून येत नाहीत ते. तीन केसांचा ब्रश घ्यायचा, ज्या जागेची जशी छटा तसा रंग कालवायचा, आणि एकेक ठिपका असा बुजवायचा की तो तिथं होता हे फोटोलाही आठवू नये. अण्णांचा हात चाळिशीतच कापायला लागला होता. ताईचा हात दगडासारखा स्थिर. तिच्या हातानं तिचं असं वाटोळं केलं.

दोन वर्षांची चार झाली, चाराची आठ. पुढं मोजायचं राहूनच गेलं. आत्यानं आणखी दोनदा स्थळ आणलं, मग तीही थकली. अण्णांना अर्धांगवायू झाला तेव्हा ताई सकाळी त्यांचं करायची आणि दुपारी ठिपक्यांचं. ते गेले, धाकटा एकदाचा हाताशी आला, त्याचं लग्न झालं, घरात वहिनी आली, आणि अंधारखोलीतले ट्रे माळ्यावर गेले. त्यांच्या जागी टेबल आलं, टेबलावर कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी काचेचा स्कॅनर. लोक आता नवे फोटो काढायला येईनात. त्यांच्या खिशातच कॅमेरे होते. ते यायचे जुने फोटो घेऊन. पेटीच्या तळाशी सापडलेले, घडी पडलेले, कसर लागलेले, आजोबांच्या कपाळावरून आडवा ओरखडा गेलेले.

"साफ करून द्या," म्हणायचे.

आणि साफ करणारी मागं होतीच.

मागच्या खोलीला एक खिडकी होती, पण तिच्या चारी फटींवर ताईनं चिकटपट्टी लावलेली. पंखा होता, पण काम चालू असताना लावायचा नाही. चपला दाराबाहेर, डोक्याला घट्ट फडकं, अंगावर सुती कपडे. लोकरीचा स्वेटर घालून धाकटा एकदा आत आला तर तिनं त्याला असा हाकलला की तो उंबऱ्यावरच अडखळला.

"ताई, थंडी आहे!"

"असू दे. तुझ्या स्वेटरचे केस मी दिवसभर वेचत बसू?"

तिची कामाची एक रीत होती. प्रत्येक फोटो दोनदा स्कॅन करायचा, एकदा सुलटा आणि एकदा उलटा, डोकं खाली पाय वर. मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. जो डाग फोटोबरोबर फिरला तो फोटोचा. जो होता तिथंच राहिला तो काचेवरचा. काचेवरचा असेल तर काच पुसायची, फोटोला हात लावायचा नाही. एवढं झालं की चित्र इतकं मोठं करायचं की कुणाच्या आजीचं नाक म्हणजे एक टेकडी व्हावी, आणि वरच्या कोपऱ्यातून झाडत झाडत खाली यायचं. डागाच्या शेजारचा चांगला तुकडा उचलायचा आणि डागावर ठेवायचा. ती त्याला ठिगळ म्हणायची. एका फोटोत दीडदोनशे ठिगळं लागत आणि एकही दिसत नसे.

कॉम्प्युटरमध्ये एक बटण होतं, ते दाबलं की धूळ आणि ओरखडे आपोआप जात. धाकट्याचा त्या बटणावर फार जीव. पण बटणाला धूळ कुठली आणि पापणी कुठली हे कळत नसे. त्यातून बाहेर पडलेली माणसं साबणाच्या वडीसारखी दिसायची, गुळगुळीत आणि एकाच छापाची.

"गिऱ्हाइकाला कळत नाही गं," धाकटा म्हणायचा.

"मला कळतं," ताई म्हणायची, आणि तिथंच तिचा पाय अडकायचा.

ती छप्पन्न वर्षांची असताना दुकानात एक बाई आल्या. साधी साडी, खांद्याला पिशवी, नाकावर घसरणारा चष्मा. त्यांनी आईचा फोटो साफ करायला टाकला होता. तो हातात घेऊन त्या उजेडाकडे गेल्या, चष्मा वर केला, खाली केला.

"हे कुणी केलं?"

धाकटा म्हणाला, "आमच्याकडेच केलं."

"ते मला कळलं. कुणी?"

ताईला बाहेर बोलावलं. ती डोक्याच्या फडक्यानिशीच आली, उजेडानं डोळे मिचकावत.

त्या बाई मोठ्या शहरातल्या संग्रहालयात अधिकारी होत्या. तिथं हजारो जुने फोटो पडून होते. सगळ्यांचं स्कॅनिंग झालेलं, पण साफ करायला हात नव्हता. "शिकलेली मुलं येतात," त्या म्हणाल्या, "आणि बटण दाबून जातात." जागा कायमची होती, राहायला आवारातच खोली होती. "फार मोठी नाही, पण दोन खिडक्या आहेत. बाहेर बाग आहे."

"मी सातवी शिकलेय," ताई म्हणाली.

"मी विचारलंय का तुम्हाला?" बाई म्हणाल्या. "एक फोटो पाठवते. दहा दिवसांत साफ करून द्या. जमला तर पहिल्या तारखेला या."

धाकटा तेव्हा गिऱ्हाइकाशी बोलत होता. त्याच्या कानावर गेलं नाही, आणि ताईनंही घातलं नाही. तिच्या मनात एकच होतं. जी खिडकी उघडली तर कुणाचं काही बिघडणार नाही अशा खिडकीपाशी एकदा बसायचं.

फोटो कॉम्प्युटरवर आला. कापसाचा कारखाना होता तो, कापूस साफ करून गठ्ठे बांधायचा. लांबच लांब दालन, काळी यंत्रं, आणि यंत्रांपुढं ओळीनं उभ्या पंधरावीस बायका, कॅमेऱ्याकडं बघत असलेल्या. ताईनं तो मोठा केला आणि कपाळाला हात लावला. पांढरे ठिपके म्हणजे किती! छतापासून जमिनीपर्यंत, बायकांच्या केसांवर, खांद्यांवर, तोंडावर, यंत्रांच्या दातांवर. कुणी निगेटिव्हवर चुन्याची पुडी फुंकली की काय असं.

"काय हा कचरा," ती स्वतःशी म्हणाली. "शंभर वर्षांत कुणी झाडलंसुद्धा नाही."

नऊ दिवस ती त्या दालनात होती. दुकान उघडायच्या आधी दोन तास आणि दुपारी सगळे जेवून लवंडले की दोन तास. एकेका बाईचा चेहरा तिनं हातानं पुसावा तसा पुसला. यंत्रांचं लोखंड चकचकीत केलं. हवा इतकी स्वच्छ केली की दालनाच्या टोकाचं घड्याळ दिसायला लागलं. दहाव्या दिवशी बघितलं तर कारखाना एखाद्या इस्पितळासारखा झाला होता. सदतीस वर्षांत एवढं काम तिनं केलं नव्हतं. तिनं तो पाठवला आणि त्या दिवशी जेवताना दोनदा हसली. वहिनीनं विचारलं, "ताई, बरं आहे ना?"

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला.

"ताई, फोटो बघितला," बाई म्हणाल्या.

"काही राहिलं का?" ताईनं विचारलं. "डाव्या कोपऱ्यात जरा…"

"काही नाही राहिलं. तेच तर." बाईंनी श्वास घेतला. "ताई, ती धूळ नव्हती. तो कापूस होता. हवेत उडत होता. त्या बायका दिवसभर त्यातच उभ्या असायच्या. छातीत जायचा त्यांच्या, खोकून खोकून मरायच्या. आम्हाला तो फोटो त्या कापसासाठीच हवा होता."

 ताईला तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. तिच्या डोळ्यांना इतक्या वर्षांत कुणी नाव ठेवलं नव्हतं. एवढ्या घाणीत माणसं श्वास घेत असतील आणि वर कॅमेऱ्याकडं बघून उभीही राहत असतील, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्या खोलीत हवेत काही दिसलं की ते काढायचं, एवढंच तिला माहीत.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"हात मात्र असा मी बघितला नाही," बाई म्हणाल्या. "मूळ स्कॅन आमच्याकडे आहेच, पुन्हा पाठवते. निगेटिव्हवरची धूळ तेवढी काढा, कापूस राहू द्या. बुधवारपर्यंत."

"पण कुठला कुठला हे ओळखायचं कसं?"

"ते मलाही येत नाही, ताई. आलं असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

सुलटा-उलटा स्कॅन करायला मूळ वस्तू हाताशी नव्हती, आणि असती तरी उपयोग नव्हता. काचेवरचं काय आणि फोटोतलं काय, एवढंच त्यानं कळतं. फोटोतल्या हवेत काय होतं ते काच सांगत नाही. ताई शनिवारभर नुसती बघत बसली. एक ठिपकाही हलवला नाही. रविवारी सकाळी तिची नजर दुसऱ्या ओळीतल्या एका बाईच्या कानावर गेली. कानाच्या कडेला एक पांढरं बोंडूक होतं, अर्धंच. उरलेलं अर्धं कानामागं गेलेलं.

धूळ कुणाच्या मागं जात नाही! ती निगेटिव्हवर बसते, म्हणजे सगळ्यांच्या वर बसते. जे कानामागं लपलं, खांद्याआड गेलं, ते त्या हवेतलंच. ताई उठून उभी राहिली, पुन्हा बसली. मग एकेक सापडत गेलं. कापूस जवळ असला की मोठा आणि पुसट, लांब असला की बारीक. उडत असला की त्याला शेपूट यायचं. धूळ मात्र सगळीकडं सारखीच टोकदार, जशी काल पडली. मंगळवारी संध्याकाळी हिशेब लागला. त्या सगळ्या पांढऱ्या पसाऱ्यात खरी धूळ होती एक्केचाळीस ठिकाणी, आणि एक ओरखडा. तेवढं काढून तिनं फोटो पाठवला. बायका आपल्या कापसात तशाच उभ्या.

गुरुवारी उत्तर आलं. पहिल्या तारखेला या. खोली झाडून ठेवली आहे.

मग घरात सांगायची वेळ आली. ताईनं दोघंही समोर असतील अशी दुपार निवडली.

धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट नव्हता, आणि ते फार अवघड असतं. वाईट माणसाशी भांडता येतं.

"जा की," तो म्हणाला. "मी कधी अडवलंय तुला?"

"नाही अडवलंस."

"फक्त," तो म्हणाला, आणि डोकं खाजवलं, "मी शाळेला शब्द देऊन बसलोय गं. शंभर वर्षं होतायत त्यांना. सगळ्या वर्गांचे जुने फोटो. सहाशेच्या वर आहेत."

"मला न विचारता?"

"तुला विचारायचं काय? तू आहेसच."

वहिनी मध्ये पडली. "अहो, जाऊ द्या त्यांना. तुम्ही करा ते. बटण आहे ना तुमचं?"

"करीन की," धाकटा घुश्शात म्हणाला. "मला काय येत नाही?"

पहिल्या तारखेला ताईची बॅग भरून दाराशी उभी होती. बस दहाला होती. वहिनीनं डबा बांधून दिला. एरवी नणंदेपुढं ताठ असणारी ती बाई, पण डबा देताना म्हणाली, "ताई, पोचल्यावर लगेच फोन करा. आणि मागं वळून बघू नका. मी सांगते म्हणून नका बघू."

साडेनऊला ताई धाकट्याचा निरोप घ्यायला मागच्या खोलीत गेली. तो कॉम्प्युटरपुढं बसला होता. पडद्यावर शाळेतल्या एका वर्गाचा फोटो होता, चार ओळी मुलांच्या, मध्ये शिक्षक. बटण नुकतंच दाबलेलं. धूळ गेली होती, अगदी साफ. तिच्याबरोबर मुलांच्या डोळ्यांतला उजेड गेला होता. शर्टांच्या गुंड्या गेल्या होत्या. शिक्षकांच्या मिशीचा एक डाग झाला होता. चाळीस पोरं साबणाच्या वड्या होऊन ओळीनं बसली होती.

ताई बघत राहिली. हे फोटो शाळेत लागणार होते. लोक तिथं आपला बाप शोधायला येणार होते, आजोबा शोधायला येणार होते.

"निघालीस?" धाकट्यानं विचारलं.

"हे असं देणार तू?"

"कळत नाही गं कुणाला."

ताईनं घड्याळ बघितलं. वीस मिनिटं होती. बसथांबा पाच मिनिटांवर.

"ऊठ तिथून," ती म्हणाली. "पहिली ओळ दाखवते कशी करायची. नीट बघ. तशीच बाकीची कर."

तिनं चपला काढल्या. फडकं बॅगेत गेलं होतं, म्हणून पदर डोक्याला बांधला. बटणाचं काम रद्द केलं, धूळ परत आली, तिच्याबरोबर डोळे परत आले. डाव्या टोकाच्या मुलापासून ती सुरू झाली. धाकटा थोडा वेळ खरंच बघत होता. मग दुकानात कुणी हाक मारली म्हणून उठला.

वहिनी दोनदा दाराशी आली. पहिल्यांदा म्हणाली, "ताई, पावणेदहा." ताई म्हणाली, "हो, हा एक पोरगा." दुसऱ्यांदा आली तेव्हा तिनं डबा उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि फार जोरात खाली ठेवला.

चौथी ओळ संपली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

संध्याकाळी ताईनं बाईंना फोन केला. शाळेचं काम संपवून येते म्हणाली. बाईंनी जागा पंधरा दिवस धरून ठेवली. मग आणखी आठ. मग त्यांनीच फोन केला, आवाज पडलेला. "ताई, वरून विचारणा झाली. एका मुलीला घेतलंय. शिकलेली आहे."

"बटण दाबते का?" ताईनं विचारलं.

"दाबते," बाई म्हणाल्या.

शाळेचं काम साडेतीन महिने चाललं. फोटो लागले, लोक आले, बघून रडले, हसले, दुकानाचं नाव झालं. त्या नावावर आणखी दोन शाळा आल्या. धाकट्याच्या मनाला बोचत असावं, कारण त्यानं तिच्यासाठी नवी खुर्ची आणली, मऊ पाठीची, गोल फिरणारी. ताई एकदा तिच्यावर बसून गोल फिरली, भिंत, खिडकी, दार, टेबल, पुन्हा भिंत. "छान आहे," म्हणाली. वहिनी त्यानंतर महिनाभर नवऱ्याशी धड बोलली नाही, आणि ताईशी तर दोन महिने. बॅग तशीच भरलेली पलंगाखाली होती, ती वहिनीनंच शेवटी रिकामी केली आणि तीत गोधड्या भरल्या.

ताई आणखी पाच वर्षं जगली. दुखणं असं काही नव्हतं. एका मंगळवारी सकाळी उठलीच नाही. म्हणून त्याच्या आदल्या शनिवारची फेरी तिची शेवटची ठरली.

शनिवारी तयार झालेले फोटो फ्रेम करायला पोचवायचे असत. फ्रेमवाल्याचं दुकान नदीकाठी, पुलाच्या तोंडाशी. त्या दिवशीही तिनं दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये फोटो ठेवले, दोरी आडवी बांधली, उभी बांधली आणि पाच वाजता निघाली. फ्रेमवाला तिच्याच वयाचा, तोंडाचं बोळकं झालेला, दुकानाबाहेर बाकावर बसून लाकूड तासत होता.

"आणलंत का?" तो म्हणाला. "किती?"

"सहा. आणि मागच्या वेळेसारखी सोनेरी पट्टी लावू नका. माणसं दिसली पाहिजेत, फ्रेम नाही."

"लोकांना सोनेरी आवडते, ताई."

"लोकांना काय, काहीही आवडतं."

त्यानं दोरी सोडून एकेक फोटो बघितला. सहाव्यावर थांबला, बोट जवळ नेलं. ताईनं त्याच्या हातावर चापट मारली. तो हसला, बोट मागं घेतलं.

"बसा जरा," तो सरकत म्हणाला. "वारा बघा कसा सुटलाय नदीवरून."

ताईनं नदीकडं बघितलं. वाऱ्यानं तिचे कानाजवळचे केस उडाले, ते तिनं मागं सारले.

"नको," ती म्हणाली. "काचेवर एक फोटो तसाच ठेवून आलेय."

तिनं दोरी गुंडाळून पिशवीत टाकली, पुढच्या शनिवारसाठी. रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघितलं आणि आल्या वाटेनं परत गेली.